खोकल्यासकट पाठ झालेली गाणी

मार्चअखेरची मोजणी संपली की आमच्याकडे साउंड लागतो. चाकणच्या ज्या कंपनीत मी स्टोअर सांभाळते तिथे शेवटच्या रॅकवर ‘मोजून झाले’ असा पिवळा कागद चिकटवायचा, घरी येऊन एक दिवस पाय वर करून पडायचं, आणि रविवारी पिंपरीला माहेरी गेलं की चौकात टेम्पोवर स्पीकरची भिंत उभी राहताना दिसते. जयंतीला अजून अवकाश असतो, पण पोरांना धीर नसतो. कोणीतरी माईकवर “हॅलो, चेक, चेक” म्हणतं, एक ठोका वाजवून बघतं, आणि वरच्या मजल्यांवरच्या खिडक्यांच्या काचा थरथरतात. मोटारसायकलींना निळे झेंडे लागलेले असतात. बांबू, दोर, शिड्या, आणि शिडी धरणाऱ्याला वरून मिळणाऱ्या शिव्या.

यंदाही तो ठोका आला. मी माहेरच्या गॅलरीत वाळलेले कपडे काढत होते. माझा धाकटा भाऊ मिलिंद शेजारी खुर्चीत बसून चिंचा फोडत होता. ठोका आला तेव्हा त्याने मान वर केली नाही. मांडीवरचं ताट हललं तेव्हा केली.

“लावला वाटतं,” तो म्हणाला. जरा मोठ्याने, आता तो बोलतो तसा.

मिलिंदला ऐकू येत नाही. जन्मापासून नाही, म्हातारपणामुळेही नाही. चाळिशी नुकतीच ओलांडली होती तेव्हा गेलं. पण ते जायच्या आधी एक मोसम आम्हाला मिळाला. संक्रांतीपासून जयंतीपर्यंतचा. थंडी ओसरत जाते, हायवेवर कांद्याचे टेम्पो वाढतात आणि त्यांच्यावरून उडालेल्या साली मागच्या गाड्यांच्या काचांवर येऊन चिकटतात, तो मोसम. त्या साली दिसल्या की मला अजूनही गाडीत बसल्यासारखं वाटतं, आणि कोणीतरी शेजारी बोलतंय असं वाटतं.

मिलिंद निघोज्याजवळच्या एका फोर्जिंगच्या कारखान्यात हॅमरवर होता. भट्टीतून लाल झालेला लोखंडाचा तुकडा साच्यावर ठेवायचा आणि वरून हॅमर पाडायचा, दिवसभर हेच. त्या खात्यात एक रीत होती. कानात घालायचे बोळे कंपनी द्यायची, आणि साहेब आला की ते सगळ्यांच्या कानात असायचे, गेला की खिशात. आळस म्हणून नव्हे. हॅमर साच्यावर नीट बसला की तिरका पडला ते आवाजावरून कळतं, कान बंद केले तर पुढचा तुकडा वाया जातो, असं त्यांचं म्हणणं. जुन्यांनी नव्यांना शिकवलेलं, नव्यांनी अभिमानाने पाळलेलं. काम चांगलं व्हावं म्हणून कान उघडे ठेवायचे. आणि खोटं नव्हतं ते. मिलिंदच्या हातचा माल परत यायचा नाही.

दरवर्षी कंपनीत कानांची तपासणी होई. त्या वर्षी त्याच्या कागदावरची रेघ खाली घसरलेली निघाली. बाहेरच्या डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, नुसत्या आवाजाने इतक्या लवकर इतकं जात नाही, घराण्यातही असणार. आमच्या बाबांना शेवटी कमीच ऐकू यायचं, ते आठवलं. ऑपरेशनचं विचारलं, तर त्याच्या कानाला ते किती लागू पडेल याची खात्री त्यांना देता येईना.

कंपनीने त्याला हॅमरवरून काढून माल पाठवायच्या खात्यात टाकलं, जनरल शिफ्टला. आयुष्यात पहिल्यांदा आम्हा भावंडांच्या वेळा जुळल्या. तो पिंपरीहून निघायचा, मोशीला मला घ्यायचा आणि आम्ही त्याच्या जुन्या गाडीतून चाकणला जायचो. गाडी तिसऱ्या हाताची होती. आतला स्टिरिओ मात्र कोरा करकरीत.

मिलिंदला रॅपचं वेड कॉलेजपासून. आधी अमेरिकेतले, ज्यांचं अर्धं त्याला कळायचं नाही. मग मुंबईचे हिंदीवाले, मग मराठीतले, आणि शेवटी आपल्याच पिंपरी-चिंचवडची पोरं, जी पुलाखाली उभं राहून फोनवर शूटिंग करतात. आमचे बाबा तरुणपणी कलापथकात गायचे, ढोलकी घेऊन वस्त्या-वस्त्यांत जायचे. मिलिंदचं गाणं लागलं की ते आतून ओरडायचे, “अरे, गायचंय का भांडायचंय, एक काय ते ठरव म्हणावं त्याला!” मी लग्न होऊन मोशीला गेलेली. मला त्या सगळ्याचा एकच एक आवाज ऐकू यायचा, मिक्सर चालू असल्यासारखा.

जायला लागल्यावर एक-दोन दिवसांतच कुरुळी फाट्याला आम्ही अडकलो. पुढे कंटेनर, मागे कंटेनर, मध्ये शाळेची बस. मिलिंदने गाडी बंद केली, स्टिरिओ मात्र चालू ठेवला.

“ताई, तुला हे शिकवायचंय.”

“काय?”

“रॅप.”

“मला? या वयात? अरे मला भजनात टाळ धरता येत नाही.”

“गायला नाही गं. ऐकायला.”

मी हसले. तो हसला नाही. म्हणाला, “माझं बंद झालं की नवीन कोण आलं, काय बोलतोय, ते मला कोण सांगणार? वर्षाला गोड गाणी लागतात.” वर्षा त्याची बायको. “ती बिचारी ऐकेल, पण डोकं धरून.”

“फोन देतो की आता लिहून बोललेलं.”

“थांब, दाखवतो.” त्याने फोन स्टिरिओसमोर धरला. फोनने बराच विचार केला आणि पडद्यावर लिहिलं: ‘काकांनी विहिरीत वीज नेली नेली पाव.’ आम्ही दोघं इतके हसलो की शेजारच्या रिक्षावाल्याने वाकून बघितलं.

मग मी विचारलं, “डॉक्टरांनी किती वेळ आहे म्हणून सांगितलंय?”

“नाही सांगितलं. म्हणूनच घाई.”

मी माझ्या स्वभावाप्रमाणे कामाला लागले. दुसऱ्या दिवशी वहीत रकाने आखून नेले. नाव, गाव, भाषा, विषय, शेरा. मिलिंदने सिग्नलला वही चाळली.

“ही काय माल आल्याची नोंद आहे का? ‘शेरा: बरा.’ ताई, हा माणूस माझा जीव की प्राण आहे आणि तू लिहितेस बरा!”

“मग काय लिहू?”

“आधी ऐक. मग लिहू नकोस.”

त्यांची खरी नावं माझ्या जिभेवर बसत नव्हती. अर्धी इंग्रजी, अर्धी आकड्यांची. म्हणून आमच्यात त्यांची वेगळी नावं पडली, आणि मला ते त्याच नावांनी ठाऊक आहेत. एक होता शिंपी, अमेरिकेतला. मिलिंद म्हणायचा, “ओळीच्या शेवटी यमक कोणीही जुळवतं. हा मधल्या मध्ये टाके घालतो. कापड उलटून बघ, आतूनही तेवढंच साफ.” इंग्रजी मला समजायचं नाही, तो म्हणायचा समजून घेऊच नकोस, नुसते टाके मोज. डोळे मिटून बसले की खरोखर सुई आत-बाहेर झाल्यासारखी ऐकू यायची. दुसरा होता वकील, मुंबईचा. आवाज कधी चढवायचा नाही, फक्त एकामागून एक प्रश्न विचारत जायचा, आणि गाणं संपलं की आपण काहीतरी कबूल केलंय असं वाटायचं. तिसरा मुकादम, मराठीतला. हा ठोक्याच्या किंचित मागून यायचा. “बघ, ठोका याच्यासाठी थांबतो,” मिलिंद स्टिअरिंगवर बोट आपटून दाखवायचा, “हा ठोक्यासाठी थांबत नाही.” आणि एक मावशी. ती तरुण मुलगी होती, पण नळ उघडा टाकून गेलेल्याला चाळीतली बाई ज्या आवाजात झापते त्या आवाजात गायची. मला सगळ्यांत आधी कळली ती मावशी.

हे सगळे सारखं मी, मी, मी का करतात, हे मात्र मला खटकायचं. मी कोण, माझी गल्ली कुठली, माझ्यासारखा कोणी नाही. आम्हाला घरात स्वतःविषयी बोलायची सवय नाही. एकदा मी ते बोलून दाखवलं. गाडी इंद्रायणीच्या पुलावर होती, नदीवर पातळ धुकं होतं.

मिलिंद म्हणाला, “तुला कंपनीत काय म्हणतात?”

“मॅडम.”

“आणि मला काय म्हणायचे, माहितीये? हॅमर दोन. ‘ए हॅमर दोन, चहा आला.’ इतकी वर्षं. आता हा पोरगा बघ, स्वतःचं नाव घेतो, गल्लीचं घेतो, पिनकोडसुद्धा सांगतो गाण्यात. का? दुसरं कोणी घेणार नाही म्हणून. माज नाहीये तो. हजेरी आहे.”

बाबांच्या कलापथकातल्या गाण्यांत शेवटच्या कडव्यात कवी स्वतःचं नाव आणि गाव घालायचा, हे मला त्या पुलावर आठवलं. बाबा ती ओळ हात छातीला लावून म्हणायचे. गायचंय का भांडायचंय, असं विचारणारे बाबा.

या गाण्यांत शिव्या असतात. बहुतेक गाण्यांत असतात आणि भरपूर असतात. मिलिंदला मोठ्या बहिणीसमोर त्याची लाज वाटायची. गाणं तर ऐकवायचं होतं, शिवी ऐकवायची नव्हती. म्हणून शिवी जवळ आली की तो खोकायचा. आधीपासून ठाऊक असायचं कुठे येणार. बरोबर त्या अक्षरावर “खॉक्”. पहिल्या दिवशी मी त्याला आल्याचा तुकडा दिला. दुसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं. तरी आम्ही त्याविषयी बोललो नाही. मी खिडकीबाहेर बघायचे, तो खोकायचा. मुकादमाच्या एका गाण्यात तर त्याला दमा झाल्यासारखं व्हायचं. मला ती गाणी तशीच, खोकल्यासकट पाठ आहेत. आज एखादं कुठे वाजलं की त्या जागी मला मोकळी शिवी ऐकू येते आणि मी दचकते. वाटतं, इथे काहीतरी राहून गेलं.

फेब्रुवारी सरत आला तसा तो खोकला उशिरा यायला लागला.

आधी जरासा. शिवी होऊन जायची, मग खोकला. मग शिवीच्या पुढच्या चांगल्या शब्दावर. त्याला कळत नव्हतं. तो आवाज वाढवायचा आणि म्हणायचा, “या स्टिरिओत काहीतरी बिघडलंय, शब्द खातोय.” मी म्हणायचे, “हो रे, मलाही वाटतं.” तो दुकानात दाखवून आला. दुकानदार म्हणाला, मशीन ठीक आहे. मिलिंदने दुसरं दुकान गाठलं.

त्याची शिकवायची घाई वाढली. आता तो वहीला हसत नव्हता. उलट एक रकाना त्यानेच वाढवायला लावला: श्वास. शब्द काय, कोणीही लिहून देईल, तो म्हणायचा; पण हा माणूस श्वास कुठे घेतो ते लिही. “शिंपी चार ओळी घेत नाही. मग घेतो तेव्हा कळतं त्याला किती लागला होता. मावशी श्वास घेताना आवाज करते, मुद्दाम. ते तू लिहिलंस तर मला वाचून ऐकू येईल.” मी शब्दांच्या मध्ये छोट्या उभ्या रेघा मारायला शिकले. स्टोअरमध्ये दुपारी डबा खाताना कानात लावून रेघा मारत बसायचे. आमच्या खात्यातल्या बाया म्हणाल्या, मॅडम कसली परीक्षा देतायत?

होती खरी परीक्षा. उत्तरपत्रिका तपासणाऱ्याचे कान जात होते, आणि त्याच्याआधी मला पास व्हायचं होतं.

मार्चमधली एक सकाळ आहे. आळंदी फाट्याच्या अलीकडे वाहतूक थांबली होती. पुढच्या टेम्पोतून कांद्याच्या साली उडत होत्या, गुलाबी, पातळ. काचेवर बसत होत्या आणि मिलिंद वायपरने बाजूला करत होता. त्याने फोनवर बोट फिरवलं, मुकादम लावला. मान डोलवायला लागला. स्टिअरिंगवर बोट ठोका देऊ लागलं.

“इथे बघ,” तो म्हणाला. “आता थांबेल. थांबला. आता ठोका एकटाच. बघ, बघ, आता मागून येतो. आला!”

गाडीत काहीही वाजत नव्हतं.

स्टिरिओवर हिरवा दिवा लागला होता, गाण्याचं नाव पुढे सरकत होतं, पण आवाज नव्हता. दुकानदारांनी उघडून बघताना तार ढिली झाली असेल. बाहेरच्या गाड्यांची घरघर होती आणि काचेवरून वायपर फिरल्याचा आवाज. त्या शांततेत माझा भाऊ ओठ हलवत होता, एकही शब्द न चुकवता. आणि मध्येच तो खोकला. बरोबर जागेवर. कितीतरी दिवसांनी खोकला बरोबर जागेवर आला होता.

मी मान डोलवली. दुसरं काय करणार होते? त्याच्या बोटाकडे बघून मी त्याच्या ठोक्याला मान डोलवत राहिले आणि तो खूश होऊन म्हणाला, “जमतंय तुला आता.” वाहतूक सुटली. गाणं संपलं असावं, कारण त्याने हात खाली घेतला.

संध्याकाळी परतताना त्याने मला मोशीला उतरवलं. मी दार लावत होते तेव्हा म्हणाला, “ताई, सकाळी गाणं लागलं नव्हतं ना?”

मी लावत असलेलं दार पुन्हा उघडलं.

“गाणं लागलेलं असतं तर तू इतकी बरोबर मान हलवली नसतीस,” तो म्हणाला. “तू नेहमी चुकतेस.” आणि हसला. मीही हसले. तो गेल्यावर बराच वेळ मी बसथांब्याच्या बाकावर बसून राहिले. लोक घरी चालले होते, त्यांच्या हातात भाजी होती, दुधाच्या पिशव्या होत्या. आपण कशासाठी थांबलोय तेच कळत नव्हतं. घरी जायचं होतं, पण घरात कोणीतरी काहीतरी विचारलं असतं.

मशीन घेतलं कानाचं. दोन्ही कानांना. वर्षाने त्या दिवशी शिरा केला होता. मिलिंदने मशीन चढवलं, आम्ही सगळे त्याच्याकडे बघत उभे. “बोला की,” तो म्हणाला, आणि आम्ही सगळे एकदम बोललो, आणि त्याने कपाळाला आठ्या घालून मशीन काढलं. माणसांचं थोडं कळायचं, समोरासमोर, एकेकाचं. गाणं लावलं की तो म्हणायचा, शिंपी, वकील, मुकादम, मावशी सगळे एका पातेल्यात बसून डाव आपटतायत. पुढे एकेकाचं कळणंही गेलं.

जयंतीच्या दिवशी तो मला घेऊन चौकात गेला. मशीन घरी ठेवून. ऊन मावळलं होतं, निळा गुलाल हवेत होता, पोरं-पोरी नाचत होती, पांढऱ्या साड्यांतल्या म्हाताऱ्या बाया कडेला खुर्च्यांवर बसल्या होत्या आणि त्यांचेही पाय हलत होते. मिलिंद गर्दीतून वाट काढत थेट स्पीकरच्या भिंतीसमोर जाऊन उभा राहिला. मी कानात कापूस घालून त्याच्या मागे. माझ्या बरगड्या हलत होत्या. त्याने डोळे मिटले. त्याच्या ओळखीची पोरं येऊन त्याला गुलाल लावत होती, मिठ्या मारत होती. “मिलूभाऊ! आज एकदम पुढं?” त्याला ती कोण ते डोळे उघडल्यावरच कळत होतं. मला वाटलं, मिळतंय त्याला काहीतरी. वाटलं, आता आपण दरवर्षी इथे येऊ.

तो वळला आणि मला हाताने बाजूला चल म्हणाला. गल्लीत शिरल्यावर भिंतीला टेकला.

“ठोका कळतो,” तो म्हणाला. “शब्द एकही नाही.”

“ठोका तरी कळतो ना?” मी त्याच्या समोर जाऊन, तोंड उघडून म्हटलं.

“ताई, नुसता ठोका म्हणजे हॅमरच की गं. तो मी जन्मभर ऐकला. ठोक्यावर कोणीतरी काहीतरी बोलतंय, त्यासाठी तर मी हे ऐकायला लागलो.”

त्याच्या कपाळावरचा गुलाल घामाने खाली उतरत होता. मी पदराने पुसला. लहानपणी पुसायचे तसा. त्यानेही पुसू दिला.

तो मोसम तिथे संपला. पुढे वर्षाच्या हट्टाने गाडी विकली. हॉर्न ऐकू येत नसताना त्या हायवेवर तिला ती नको होती. मिलिंद आता कंपनीच्या बसने जातो, खिडकीशी बसतो. मी माझ्या बसने. आणि दर रविवारी मी पिंपरीला जाते, पिशवीत आठवड्याचे कागद असतात. नवीन कोण आलं, काय म्हणाला, श्वास कुठे घेतला. प्रसिद्ध लोकांचे शब्द इंटरनेटवर मिळतात. आपल्याकडच्या पोरांचे कोणी लिहीत नाही. ते मी लिहिते. शिव्यांच्या जागी मी ‘खो’ लिहिते. मिलिंद कागद मांडीवर घेऊन बोटाने ठोका धरतो आणि डोळ्यांनी वाचत जातो, रेघ आली की थांबतो. कधी हसतो. कधी “हा चोर आहे, ही ओळ वकिलाची आहे,” म्हणतो. कधी म्हणतो, म्हणून दाखव. मग मी, पन्नाशीला टेकलेली बाई, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी राहून त्याला ओठ दिसतील अशा बेताने म्हणून दाखवते. मला ते जमतं की नाही, ठोक्यात असते की नसते, हे सांगू शकणारा या जगात एकच माणूस आहे. तो समोर बसलेला असतो, आणि म्हणतो, “मस्त.”

यंदाची जयंती होऊन गेल्यावरच्या रविवारी मी आकुर्डीच्या एका मुलीचं गाणं नेलं. नवीन आहे, फार कोणाला माहीत नाही. तिच्या गाण्यात बसडेपो आहे, बंद पडलेली कंपनी आहे, आणि तिच्या वडिलांनी अजून खिळ्याला टांगून ठेवलेला गेटपास आहे. मिलिंदने दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना त्याचं बोट मांडीवर थांबलं आणि तसंच राहिलं.

“लिहिते चांगलं,” तो म्हणाला. “आवाज?”

“चांगला आहे.”

“चांगला हा शेरा तुझ्या नटबोल्टला दे. आवाज कसा आहे ते सांग.”

मी विचार केला. “जाडसर आहे. बारीक मुलीचा वाटत नाही. जरासा चिरलेला, सकाळी उठल्याउठल्या असतो तसा.” आणि मग सुचलं तसं म्हणून गेले, “थोडा आईसारखा.”

“कोणासारखा?”

“आईसारखा.”

त्याने कागदाची घडी घातली. पुन्हा उघडली.

“ताई, मला आईचा आवाज आठवत नाही,” तो म्हणाला.

त्याच्या नेहमीच्या मोठ्या आवाजात म्हणाला, त्यामुळे आतलं वर्षाचं लाटणं थांबलं.

“वकिलाचा आठवतो. मुकादमाचा आठवतो. बाबांचा गाण्यातला येतो कधीकधी. हॅमरचा तर जाता जात नाही. आईचा शोधतो मी. तोंड दिसतं तिचं, बोलताना दिसते, डोळे मोठे करून काहीतरी सांगतेय. पण आवाज लागत नाही.”

आई जाऊन बरीच वर्षं झाली. ती कधी गायली नाही. तिच्या हयातीत आमच्याकडे आवाज टिपणारे फोन नव्हते. मिलिंदच्या लग्नाच्या कॅसेटमध्ये ती दिसते, पण वर बँड वाजतोय. तिचा आवाज कशातही नाही, आणि असता तरी त्याला त्याचा काय उपयोग होता?

माझ्याकडे आहे तो. मला अजून ऐकू येतो. पण मीही रोज काढून बघत नाही, आणि माझं वय वाढतंय, आणि आमच्या घराण्याचे कान असे.

“रागावली की तिचा आवाज चढायचा नाही,” मी म्हटलं. “उतरायचा. खाली, खाली जायचा. म्हणून आपण जास्त घाबरायचो. बाहेरच्या माणसांशी ती घशातून बोलायची, आपल्याशी पोटातून. आणि चुलीपाशी एकटी असली की स्वतःशीच, नाकातून, बोलल्यासारखं...”

“थांब.” त्याने हात वर केला. “हळू सांग. तोंड दिसू दे.”

मी खुर्ची ओढून खिडकीसमोर घेतली, उजेड ओठांवर पडेल अशी बसले, आणि पहिल्यापासून सांगायला लागले.